धुऱ्यावरचे भुंगेरे

नेरच्या बाजूला, मोठ्या रस्त्यापासून आत, बियाण्याचा एक सरकारी फार्म होता. माझं लग्न झालं तेव्हा माझा नवरा तिथं बैलजोडी हाकायचा आणि सासू तण निंदणाऱ्या बायकांची म्होरकी होती. आमच्याकडे सुना सासूला मामी म्हणत, तशी मीही म्हणायचे. फार्मच्या कुंपणाबाहेर मजुरांची आठ-दहा घरं होती, कुडाच्या भिंती आणि वर गवत. त्यातलं नाल्याकडच्या टोकाचं आमचं.

माझ्या माहेरानं आणि सासरानं छप्पन सालानंतर लगेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या वर्षी आमच्या गावात एकच गोष्ट घरोघर ऐकू यायची, पोरींना शाळेत घाला. माझ्या वडिलांनी ती मनावर घेतली आणि मी सातवीपर्यंत शिकले. त्यामुळं लग्नाच्या बोलणीत "पोरगी शिकलेली हाय" हे वाक्य दोन-तीनदा आलं. पण सासरी आल्यावर शिकलेल्या पोरीच्या हातातही खुरपंच आलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. सगळ्याच बायका निंदायला जात होत्या.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी, माझं बाळ सातव्या महिन्यातच झालं आणि गेलं. मुलगा होता. मला एकदाच दाखवला. त्यानंतर महिनाभर मी अंथरुणावरून फारशी उठले नाही. अंगात ताकद नव्हती हे खरं, पण ताकद आल्यावरही मी उठले नाही हेही खरं. पेरण्या झाल्या, कपाशी वर आली, बायका पहाटे खुरपी घेऊन माझ्या दारावरून जायच्या. मी भिंतीकडं तोंड करून त्यांच्या बांगड्या ऐकायचे. मामी जाताना भाकर झाकून ठेवायची आणि आल्यावर ती तशीच पाहून स्वतः खायची.

अशात एका सकाळी शेजारची बाई धावत आली. "ऊठ व! तुह्या सासूचा डोया गेला!"

मी तशीच उठले आणि अनवाणी वावरात पळाले. चपला घालायचंसुद्धा सुचलं नाही. जाऊन पाहते तर मामी शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसलेली, एक डोळा तळहातानं दाबून धरलेला, आणि तिच्यासमोर पँट चिखलात टेकवून एक साहेब गुडघ्यावर बसलेला. आमच्या बायकांच्या मडक्यातलं पाणी तांब्यानं घेऊन तो तिच्या डोळ्यावर धार धरत होता.

"हात काढा बाई. जळजळेल, पण डोळा उघडा. उघडा."

झालं असं होतं, की निंदलेल्या गवताचा ढीग मामीनं उचलला आणि खालून एक मोठा काळा भुंगेरा निघाला. बोटाएवढा लांब, पाठीवर सहा पांढरे ठिपके. ती वाकली तेवढ्यात त्यानं मागचा भाग वर करून चिळकांडी मारली, ती नेमकी डोळ्यात. ते पाणी आंबूस आणि झणझणीत असतं. कातडीला लागलं तरी चटका बसतो, इथं तर डोळा होता.

फार्मचे मॅनेजर तिथंच उभे होते. ते म्हणाले, "ठेचा त्याले. जितके दिसतीन तितके ठेचा. वावरात बायाइले काम करू देऊन नाई राह्यले."

पण गुडघ्यावरच्या साहेबानं तोवर तो भुंगेरा शाईच्या रिकाम्या बाटलीत घालून बूच लावलं होतं. हा साहेब आठवड्यापूर्वीच आला होता. पिकांवरच्या किड्यांचा अभ्यास करायला सरकारनं पाठवलेला, कोकणाकडचा, चाळिशीचा, दम्याचा माणूस. मजूर त्याला किड्यांचा साहेब म्हणत आणि मागून हसत, कारण तो सारखा जमिनीवर रांगत असे. डोळा धुऊन झाल्यावर उरलेलं पाणी तो त्याच तांब्यानं स्वतः प्यायला. आमच्या मडक्यातलं. सगळ्या बायकांनी ते पाहिलं. मामीनं एका डोळ्यानं पाहिलं.

मग त्यानं तिला विचारलं, "बाई, हा कुठून आला असेल, सांगता येईल?"

"धुऱ्याकडून येतेत," मामी म्हणाली. डोळ्यातून पाणी गळत होतं तरी आवाज साधा. "रोज सकाळी दिसतेत. धुऱ्याजवळची रोपं पाहा, साजरी उभी हायेत. मधात पाहा, कायी अळीनं बुडातून कापून टाकले. धुऱ्याजवळ कमी कापलं जाते. मी दर साली पाह्यतो."

"दर साली?"

"हाव. पण आमाले कोण इचारते?"

साहेब उठला, छत्री टेकत शेताच्या मधोमध गेला, वाकून ओळी पाहिल्या, परत धुऱ्याजवळच्या पाहिल्या. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. तो एवढंच म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

आमच्याकडे शेताच्या कडेची न नांगरलेली पट्टी म्हणजे धुरा. फार्मच्या त्या अंगाला धुरा चांगला रुंद होता. कुसळी गवत, तरोटा, बोरी, मग खाली नाला, आणि नाल्यापलीकडं पळसाचं झुडपी रान. मॅनेजरांच्या नजरेत ते सगळं फार्मला लागलेलं खरकटं होतं. साहेबाच्या नजरेत त्या दिवसापासून ते काहीतरी वेगळं झालं.

तीन दिवसांनी मामी डोळ्याला फडकं बांधून साहेबाच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिली. मला तिनं सांगितलंही नव्हतं. मला हे नंतर कळलं. ती म्हणाली होती, "साहेब, तुमी ते डबे गाडून राह्यले म्हंते. ते पाहाले माणूस लागन. माही सून सातवी शिकली हाय. तिचे डोये चांगले हायेत. डाळीतला खडा तिच्या हातून सुटत नाई."

घरी येऊन तिनं मला सांगितलं तेव्हा मी चिडले. "मले न इचारता काहून सांगतलं? मी नाई जात."

मामी चुलीपाशी बसली. लाकडं आत सारली. मग म्हणाली, "पोरी, मी तुले काई म्हणून नाई राह्यली. तुह्यं दुःख तुह्यं हाय. माहेही दोन गेले, तुह्या नवऱ्याच्या आंधी. मले त पाचव्या दिशी वावरात जा लागलं. तवा मले वाटे, कायले धाडून राह्यले? पण सकायी उठून कोठी तरी जा लागते, त्यानंच मी वाचली. तू भितीकडं तोंड करून किती दिस निजशीन?"

तिची दोन लेकरं गेली हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नीट माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गेले.

काम असं होतं. शाळेत दुधाची पावडर यायची, तिचे रिकामे डबे साहेबानं मागवून आणले होते. बुडाला पाणी जायला बारीक भोकं पाडायची आणि डबा जमिनीत असा गाडायचा की त्याची कड मातीच्या बरोबरीला यावी. पावसासाठी वर तीन खड्यांवर कौलाचा तुकडा. भुंगेरे रात्री जमिनीवरून धावतात, तेव्हा चालता चालता आत पडतात. बारा डबे कपाशीत, बारा धुऱ्यावर आणि नाल्याकाठी. रोज सकाळी उन्हाच्या आधी जाऊन प्रत्येक डबा ताटलीत उपडा करायचा, कुठल्या जातीचे किती ते वहीत लिहायचं, आणि त्यांना जिथून घेतलं तिथंच सोडून द्यायचं.

साहेबानं पहिल्या दिवशी सांगितलं, "मारायचे नाहीत. मला मेलेले नकोत. मला ते कुठं जातात ते पाहायचंय." आणि मग म्हणाला, "तुम्हाला जमेल. घाई करू नका." मला आजवर कुठल्या साहेबानं तुम्ही म्हटलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं, कोणाला म्हणतोय.

पांढऱ्या ताटलीत ते पळायचे आणि मी चिमट्यानं वेगळे करायचे. खरंच डाळ निवडण्यासारखं काम. फक्त ही डाळ पळायची. साहेब त्यांची लांबलचक नावं सांगायचा, ती माझ्या तोंडात बसेनात. म्हणून मी माझी नावं ठेवली आणि तीच वहीत लिहिली. मोठा तो सहाठिपक्या. हिरवी चमक आणि कडेला पिवळी किनार असलेला तो काठाचा, कारण काठाच्या लुगड्यासारखा दिसायचा. बारीक काळे ते मिरे. पहिल्या पानावर साहेबानं माझ्या नावांपुढं त्याची नावं लिहिली आणि म्हणाला, "हेच चालू द्या."

एक जात मला आठवडाभर भेटली नव्हती. पिवळसर तपकिरी, मध्यम. एके सकाळी मी तो चिमट्यानं धरला आणि त्याच्या मागून फट्ट असा आवाज आला, बारीक धूर निघाला आणि माझ्या बोटाला चटका बसला. मी ताटली टाकून उडी मारली. साहेब म्हणाला, "घाबरू नका, तो असाच. तोफ आहे त्याच्याकडे." त्यानं काडीनं पुन्हा डिवचलं, पुन्हा फट्ट. चार वेळा त्यानं उडवली आणि पाचव्यांदा नुसताच मागचा भाग वर केला, आतलं संपलेलं. त्याचा तो रिकामा रुबाब पाहून मला हसू आलं. मोठ्यानं आलं. दहा ओळी पलीकडं निंदत असलेली मामी खुरपं थांबवून सरळ उभी राहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा खाली वाकली. त्या संध्याकाळी मी माझी भाकर खाल्ली.

मी त्याचं नाव फटाका ठेवलं.

काही दिवसांनी साहेबानं आणखी एक काम काढलं. फार्मची पाटी रंगवून पांढरा आणि लाल रंग उरला होता. धुऱ्यावर सापडलेल्या भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा ठिपका द्यायचा, कपाशीत सापडलेल्याच्या पाठीवर लाल. केरसुणीच्या काडीचं टोक बुडवून, अगदी बारीक, पंखांची जोडणी सोडून. रंग वाळेपर्यंत भुंगेरा धरून ठेवायचा. पहिले दोन दिवस ठिपके सांडले, मग हात बसला. सहाठिपक्याच्या पाठीवर माझा सातवा ठिपका असायचा.

त्या ठिपक्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून आजही ठाम सांगू शकते. आषाढात कपाशी लहान आणि जमीन उघडी असते. तेव्हा शेतातल्या मधल्या डब्यांत जवळजवळ काही नसे आणि धुऱ्याचे डबे भरलेले असत. कपाशीची सावली पडू लागली तसे पांढरे ठिपके शेतात दिसू लागले. आधी धुऱ्यालगतच्या डब्यात, मग पुढच्या, भादव्यात तर अगदी मधोमध. ते रोज थोडं थोडं आत जात होते. अळ्या खात जात होते, तेही दिसायचं. डब्यात अळी पडली असेल तर सकाळी तिचं नुसतं डोकं उरायचं. पुढं कपाशी वेचून तिच्या पऱ्हाट्या उपटल्या, शेत बोडकं झालं, तसे ते मागं फिरले. लाल ठिपके धुऱ्यावर सापडू लागले.

उन्हाळ्यात डबे रिकामे राहायला लागले तेव्हा मला वाटलं, मेले सगळे. साहेब मला आणि मामीला नाल्यात घेऊन गेला. धोंडे उलटले, पळसाच्या वाळक्या पानांचा थर बाजूला केला, मातीच्या भेगांत काडी घातली. ते तिथं होते. एकेका धोंड्याखाली पाच-सहा, एकमेकांना चिकटून, गप्प. दोघांच्या पाठीवर माझा पांढरा ठिपका.

साहेब दम खात म्हणाला, "शेतात ते कामाला येतात. राहायला इथे असतात."

मामी म्हणाली, "म्हंजे आपल्यावानीच."

साहेब हसला नाही. त्यानं मान हलवली आणि धोंडा होता तसा परत ठेवला.

पुढच्या वर्षी बोंडअळी फार पडली. नुसत्या आमच्या फार्मवर नाही, आजूबाजूच्या सगळ्या गावांत. यवतमाळहून पांढऱ्या भुकटीची पोती आली आणि हुकूम आला की सगळ्या कपाशीवर धुरळायची. मॅनेजर खूश होते. त्यांच्या जागी कोणीही खूश झालं असतं. डोळ्यांसमोर बोंडं पोखरली जात होती. साहेबानं त्यांना एवढंच सांगून पाहिलं, की धुऱ्यालगतच्या दहा ओळी सोडा. ते म्हणाले, "साहेब, दहा ओळी सोडल्या अन् तठूनच अळी पसरली त मी काय सांगू?"

माझा नवरा आणि इतर गडी तोंडाला फडकी बांधून दोन दिवस धुरळत होते. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा भुवया, केस, हातावरची लव, सगळं पांढरं. मामीनं त्याला अंगणातच उभं करून तीन घागरी पाणी ओतलं. तरी त्याच्या मानेवर आठवडाभर पुरळ होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबे पाहायला गेले. कपाशीतला पहिलाच डबा काठोकाठ भरला होता. इतके मी कधी पाहिले नव्हते. ताटलीत उपडा केला तर कोणी पळेना. सगळे पाठीवर पडलेले, काहींचे पाय अजून हलत होते. काठाचे, मिरे, फटाके, सगळे. मी एकेक सरळ करत गेले आणि बहुतेक मोठ्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका. धुऱ्यावरून आलेले. काडीनं मी दिलेला ठिपका मला ओळखू येत होता, कुठला नीट बसला होता, कुठला सांडला होता.

मी तिथंच ओळीत बसले. वही उघडली पण लिहिता येईना. साहेब आला. त्यानं ताटली पाहिली.

"लिहा," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"जेवढे आहेत तेवढे."

मला रडू फुटलं. आजवर घरात कोणासमोर आलं नव्हतं तेवढं आलं. भुंगेऱ्यांसाठी तेवढं रडायचं कारण नव्हतं, मलाही कळत होतं. ते रडणं वर्षभर मागं राहिलेलं होतं. साहेबाला माझं बाळ गेल्याचं ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या मांडीवरची वही त्यानं हळूच उचलली, माझी पेन्सिल घेतली, आणि त्या दिवशीचे कपाशीतले सगळे बारा डबे स्वतः मोजून माझ्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिले. मी तोवर धुऱ्यावर बसून होते. वहीत त्या एका दिवसाचं अक्षर वेगळं आहे.

बोंडअळी त्या आठवड्यात खरंच मरून पडली. मॅनेजरांनी ओंजळभर मेलेल्या अळ्या साहेबाला दाखवल्या. पण महिन्याच्या आत अळ्या पुन्हा दिसल्या, आणि भुंगेरे दिसले नाहीत. कपाशीतले बाराच्या बारा डबे रोज रिकामे. मी रोज शून्य लिहायचे. बारा शून्यं. फक्त नाल्याकाठच्या चार डब्यांत थोडे असायचे.

दिवाळीनंतर मॅनेजरांनी बायकांना विळे घेऊन बोलावलं. वरून मोठे अधिकारी फार्म पाहायला येणार होते आणि धुऱ्यापासून नाल्यापर्यंतचं सगळं रान साफ करून, पेटवून द्यायचं होतं. साहेब धावत आला, म्हणजे त्याला जेवढं धावता येत होतं तेवढं. त्यानं वही आणली होती. पानं उलटून तो दाखवत होता, इथं शून्य, इथं आठ, पुढच्या वर्षी शेतात येतील ते इथूनच येतील, हे जाळलं तर यायला कोणी उरणार नाही. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. पण शेवटी म्हणाले, "साहेब, पाहाले येणाऱ्याइले तुमचे किडे दिसनार नाईत. त्याइले कचरा दिसन. अन् बोलणी मले बसतीन."

साहेबानं वही मिटली. काम सुरू करा, अशी मॅनेजरांनी मामीला खूण केली.

मामी जागची हलली नाही. विळा कमरेला खोचलेला, तिच्या मागं पंधरा-वीस बायका. ती मॅनेजरांना म्हणाली, "साहेब, धुरा आमी कापतो. आजच कापतो. पण नाल्याकडचं रान नाई कापत."

"काहून?"

"तठी आमी बाया जातो."

मॅनेजरांना कळलं नाही. "कोठी जाता?"

"सकायच्या पारी. तांब्या घेऊन."

मागं कोणीतरी पदर तोंडात कोंबला. मॅनेजर काही बोलणार तेवढ्यात मामीच पुढं म्हणाली, अगदी शांतपणे, "तुमच्या घरी सोय हाय. आमाले तेवढाच आडोसा हाय. तुमी बोरी कापल्या, पळस पेटवला, त आमी कोठी बसाव? रस्त्यावरून मोटारी येनार, तुमचे मोठे साहेब येनार. त्याइच्या डोयासमोर बसाव का? तुमीच सांगा. तुमी सांगसान तठी बसू."

मॅनेजरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आकाशाकडं पाहिलं, नाल्याकडं पाहिलं, साहेबाकडं पाहिलं. साहेब छत्रीच्या मुठीकडं पाहत होता. शेवटी मॅनेजर म्हणाले, "बरं, बरं. नाल्याकडचं राहू द्या. धुरा तेवढा साफ करा," आणि भराभर चालत कचेरीत गेले.

ते आत गेल्यावर बायका जे हसल्या, ते धुरा कापून होईपर्यंत थांबल्या नाहीत. एकीनं हसता हसता बोट कापून घेतलं. मी मामीला विचारलं, "मामी, तुमी हे किड्यायसाठी केलं का बायांसाठी?"

ती म्हणाली, "खोटं काई बोल्ली का मी?"

आणि खोटं नव्हतंच. माझ्याबरोबर रोज पहाटे तिथं कोण जात होतं, मला माहीत होतं. साहेबानं दोन दिवसांनी तिला गाठलं आणि हात जोडले. मामी ओशाळली. म्हणाली, "असं नोका करू साहेब, लोक पाह्यतेत." आठ दिवसांनी अधिकारी आले तेव्हा मॅनेजरांनीच त्यांना नाल्याकडं हात करून सांगितलं, "ही पट्टी आम्ही प्रयोगासाठी राखलेली आहे." मी कपाशी वेचत ऐकत होते.

पुढच्या हंगामात पावसाळ्याचे दोन महिने कपाशीतले डबे रिकामेच होते. मग एका सकाळी नाल्याकडच्या पहिल्या ओळीतल्या डब्यात एक काठाचा सापडला. एकच. मी ताटली हातात धरून साहेबाच्या खोलीपर्यंत चालत गेले, पळाले नाही, कारण माझं पोट तेव्हा पुढं आलं होतं. साहेबानं भिंगातून त्याला बराच वेळ पाहिलं. "सोडून या," म्हणाला. पंधरा दिवसांत त्या बाजूच्या तीन डब्यांत ते येऊ लागले. दुसऱ्या टोकाला, जिथं शेत थेट गाडीवाटेला लागत होतं आणि रान नव्हतं, तिथले डबे वर्षभर तसेच राहिले. ज्या बाजूला आडोसा उरला होता, त्याच बाजूनं ते आले. आधीच्या इतके मात्र ते पुन्हा झाले नाहीत. भुकटी दर वर्षी येऊ लागली होती.

माझी मुलगी त्या वर्षी थंडीत झाली. बाळंतपणात महिनाभर मामीनं डबे पाहिले. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती जातीप्रमाणं ज्वारी, तूर आणि मूग वेगवेगळ्या पुरचुंडीत बांधून आणायची, एका भुंगेऱ्याला एक दाणा. मी बाजेवर बसून दाणे मोजायचे आणि वहीत लिहायचे. तिचा तो डोळा पुरता बरा कधीच झाला नाही, त्या डोळ्यापुढं कायम धुकं राहिलं. पण तिच्या दाण्यांत चूक निघाली नाही, हे साहेबानं दोनदा तपासून पाहिलं होतं.

मुलगी सहा महिन्यांची असताना साहेबाची बदली झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं वहीच्या प्रत्येक पानाखाली माझी सही घेतली. मी म्हटलं, "माही सही कायले? साहेब तर तुमी हा." तो म्हणाला, "मोजलं तुम्ही. ज्यानं मोजलं, त्याची सही." इतक्या सह्या मी आयुष्यात केल्या नव्हत्या. शेवटी शेवटी अक्षर वाकडं झालं. वही तो घेऊन गेला. त्याच्या जागी दुसरं कोणी आलं नाही. मॅनेजरांनी डबे काढून टाकायला सांगितले, ते आम्ही काढले, आणि मी परत निंदायला जाऊ लागले. मुलीला धुऱ्यावर, बाभळीच्या झोळीत.

साहेबाचं काही कळलं नाही. मग दुसऱ्या पावसाळ्यात फार्मच्या पत्त्यावर माझ्या नावानं एक कार्ड आलं. माझ्या नावानं टपाल येण्याची ती पहिलीच वेळ. मॅनेजरांनी स्वतः बोलावून हातात दिलं. तब्येत बरी नाही, लिहिणं चालू आहे, असं एका ओळीत होतं. बाकी सगळं कार्ड एका प्रश्नाचं. यंदा काठाचे कपाशीत आले का, आणि आले असतील तर कपाशी केवढी असताना आले? डबे नाहीत हे मला माहीत आहे, पण तुम्हाला दिसलं असेल.

मला दिसलं नव्हतं. मी वर्षभर पाहायचंच सोडलं होतं. दुसऱ्या सकाळी मामीला मुलगी देऊन मी एक तास आधी निघाले. नाल्याकडच्या ओळींत ढेकळं उलटत गेले. पहिल्या ओळीत होते, तिसरीत होते. पाचवीत एक सहाठिपक्या ढेकळाखालून निघाला आणि मला पाहून थांबला. मी चेहरा बाजूला घेतला आणि तो गेला. मधोमध काही नव्हतं. नऊ दिवस मी रोज पाहिलं, कपाशी माझ्या गुडघ्याला कुठं लागते तेही पाहिलं.

मग कार्ड लिहिलं. घरच्यांखेरीज कोणाला पत्र लिहायची मला सवय नव्हती, म्हणून आधी पाटीवर लिहून पाहिलं. आले आहेत. कपाशी गुडघ्याच्या खाली चार बोटं असताना आले. पाचव्या ओळीपर्यंत आहेत, पुढं नाहीत. फटाका एकच दिसला. मुलगी चालते. मामीनं नमस्कार सांगितला आहे. औषध वेळेवर घ्या.

नेरच्या बाजाराच्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन मी ते पोस्टात टाकून आले.